पोळ्याच्या कोठीचं कागदी मॉडेल: तळाची मापं काय घ्यायची?

आठवी_ब
विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून मधमाशीच्या पोळ्याचं मॉडेल करून घ्यायचं आहे. षट्कोनी नळ्या जमतात, अडलंय ते तळापाशी. तळ तीन समभुज चौकोनांचा असतो एवढं माहीत आहे, पण ६०°-१२०° चे कापले तर तिन्ही मिळून सपाटच बसतात. मापं काय घ्यावीत? आणि दोन्ही बाजूंच्या कोठ्या पाठीला पाठ लावून कशा बसतात ते कसं दाखवायचं? कार्डशीट, कंपासपेटी आणि फेविकॉल आहे. प्रिंटर नाही.

घडीमोड
१२०° चे तीन कोन मिळून ३६०°, मग सपाट बसणारच. मोठा कोन १०९°२८′ हवा, लहान ७०°३२′. पण कोनमापकाच्या नादी लागू नका, सगळं लांबीवरून काढा. षट्कोनाची बाजू ४० मिमी धरतो.

१८० ते २२० जीएसएमचा कागद घ्या. ४० मिमीचे सहा खण आखा, शेवटी १० मिमीची चिकटपट्टी. सात उभ्या रेघांवर खालून एकाआड एक ६० आणि ४५.९ मिमीच्या खुणा करा (पहिली आणि सातवी ६०) आणि टोकं जोडा. प्रत्येक तिरकी कड ४२.४ मिमी भरली पाहिजे. नाही भरली तर तिथेच थांबून खोडा, पुढे काही जुळणार नाही.

आता खण १, ३, ५ च्या तिरक्या कडेवर समभुज चौकोन. कडेच्या उंच टोकावरून ४२.४ मिमीचा कंस, खालच्या टोकावरून ४९ चा. छेदतात तो कोठीचा शेंडा, म्हणजे तळाचं टोक. मग शेंडा आणि खालचं टोक, दोन्हींवरून ४२.४ चे कंस मारले की चौथा बिंदू मिळतो. चौकोनाच्या ज्या दोन कडा या चौथ्या बिंदूला मिळतात त्यांना ६ मिमीच्या पट्ट्या ठेवा. खालच्या टोकापाशी जागा अरुंद आहे, तिथे पट्टी निमुळती कापा.

ए-फोरवर अशा दोन घडणी (कापून दुमडायच्या सपाट आकृत्या) बसतात. घडीच्या रेघा रिकाम्या रिफिलने पट्टी धरून दाबून घ्या, नाहीतर कार्डशीट घडीवर फाटते. सगळ्या घड्या एकाच दिशेला. चिकटवायच्या पट्ट्या आतच गेल्या पाहिजेत.

त्रिज्या
वरच्या मापांत भर. पाठीला पाठ दाखवायला चार कोठ्या पुरतात. प्रत्येकीच्या तीन आखूड उभ्या कडांवर आधी लाल ठिपका द्या. तीन कोठ्या शेंडे वर करून अशा जोडा की मधल्या रेघेवर तिघींचेही लाल ठिपके येतील. मध्ये तीन चौकोनांची एक वाटी तयार होते. चौथी कोठी उलटी धरून तिचा शेंडा त्या वाटीत सोडा, नेमका बसतो. म्हणजे एका कोठीचा तळ पलीकडच्या तीन कोठ्यांना लागून असतो, प्रत्येक चौकोन एकीचा. तिन्ही कोठ्या वेगवेगळ्या रंगांच्या केल्यात तर बोलायचीही गरज नाही. लांब कडा मध्ये घेतल्या तर वाटी होतच नाही, आणि नव्वद टक्के गोंधळ तिथे होतो.

बाजूबेरीज
मुलं विचारतील, हाच कोन का? तीन मॉडेलं करा, लांब कड तिन्हींत ६० मिमी. एकाचा तळ सपाट, दुसरं वरच्या मापाचं, तिसऱ्याच्या आखूड कडा ३१.७ मिमी, त्याचे चौकोन ४९ मिमी बाजूचे चौरस होतात. शेंडा जितका वर जातो तितकेच तीन कोपरे खाली येतात, म्हणून आकारमान तिन्हींचं सारखं, साधारण २४९ मिली. मोहरी भरून दाखवता येतं. फक्त भिंती फुगतात, बाहेरून रबरबँड लावा. कागद मात्र लागतो अनुक्रमे १८५.६, १७७.९ आणि १८२.१ चौ.सेमी. काट्यावर तोलायला जाऊ नका, पहिल्या दोनांतला फरक ०.१७ ग्रॅमच्या आसपास आहे. घडण चौकटीच्या कागदावर काढून मोजा.

पोस्टरवर ‘सर्वांत कमी मेण लागणारा आकार’ असं मात्र लिहू नका. १९६४ मध्ये फेयेश तोथ या हंगेरियन गणितज्ञाने दोन षट्कोन आणि दोन समभुज चौकोनांचा तळ किंचित सरस ठरतो हे दाखवलं. हेल्स या गणितज्ञाची १९९९ ची सिद्धता सपाट पृष्ठावरच्या षट्कोनांबद्दल आहे, तळाबद्दल नाही. १७३९ मध्ये क्योनिग या गणितज्ञाचं या कोनाचं गणित दोन मिनिटांनी (२′) चुकलं आणि माश्या बरोबर निघाल्या, ही गोष्टही वगळा. खऱ्या कोठीचा कोन इतका बारीक मोजताच येत नाही, मेणाच्या कडा गोलसर असतात.

मेणपत्रा
खरा पुरावा हवा असेल तर रिकाम्या जुन्या पोळ्याचा तुकडा मिळवा. एका कोठीच्या तळातल्या तिन्ही चौकोनांत मधोमध एकेक टाचणी टोचा, पलीकडे तीन वेगवेगळ्या कोठ्यांत निघतात. मधमाश्यांच्या पेटीत लावायच्या मेणपत्र्यावरही (मेणाच्या पातळ पत्र्यावर) हेच तीन चौकोन उठवलेले दिसतात. आणि मॉडेल पेन्सिलीच्या डब्यासारखं उभं ठेवू नका! पोळ्यात कोठ्या आडव्या असतात, तोंड किंचित वर.

आठवी_ब
धन्यवाद सगळ्यांना. एक संच केला. चौथी कोठी वाटीत २-३ मिमी वर राहते. लाल ठिपके मध्येच आहेत.

घडीमोड
एखाद्या कोठीची चिकटपट्टी बाहेर राहिली आहे का बघा. नसेल तर फेविकॉल जास्त झालंय. ओल्या कागदाचे चौकोन आत दबतात आणि शेंडा बोथट होतो. उरलेल्या कोठ्यांना गोंदाची कांडी किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. केलेला संच वाचवायचा असेल तर चौथी कोठी वाटीत दाबून वर एखादं पुस्तक ठेवा आणि रात्रभर वाळू द्या.