टाकीवर अँटेना बसला म्हणजे सुरक्षा झाली?

रात्रपाळी:
काल मीटरमास्तर यांनी लिहिलं की केमिकलच्या टाक्यांवर वायरलेस सेन्सर बसवा, लेव्हल, प्रेशर, तापमान सगळं मोबाईलवर बघा, माणूस वर चढवायला नको, आणि 'मानवी चूक हा विषयच संपला'. या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

बावीस वर्षं टँक फार्मवर, म्हणजे साठवणीच्या टाक्यांच्या आवारात काढली आहेत. इंग्लंडातल्या बन्सफिल्डच्या इंधन डेपोत ११ डिसेंबर २००५ ला काय झालं? टाकी ९१२ मध्ये पेट्रोल येत होतं. पहाटे तीनच्या सुमारास लेव्हलचा आकडा जागच्या जागी थांबला. पेट्रोल मात्र येतच राहिलं. टाकी भरत आली की पुरवठा बंद करणारा हाय-लेव्हलचा स्वतंत्र स्विच वर होता, पण त्याच्या चाचणीच्या लिव्हरला कुलूप लावलं नाही तर तो काम करत नाही, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. टाकी ओसंडली, सहाला स्फोट. लेव्हल मोजणाऱ्या त्या गेजचा आकडा आधीच्या साडेतीन महिन्यांत १४ वेळा असाच अडकला होता. चौदा वेळा! तिथे अँटेना असता तर तोच अडकलेला आकडा वायरीऐवजी हवेतून आला असता, एवढाच फरक.

मीटरमास्तर:
माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे. ते सर्वो गेज होतं, तारेवर खाली-वर होणाऱ्या वजनाने मोजणारं. रडार वरून लहरी सोडून मोजतो, त्याला हलणारा भागच नाही, अडकणार काय?

आणि मी बोलत होतो त्या टाक्यांबद्दल जिथे आज मीटरच नाही. ॲसिडच्या वाफांत केबल ट्रे दोन पावसाळ्यांत चाळण होतो. केबल, ट्रे, ग्लँड, खोदाई मिळून मीटरपेक्षा महाग पडतं, मग मालक म्हणतो, 'डिपच घ्या', म्हणजे वर चढून टाकीत टेप सोडून मोजा. वायरलेस हार्ट या पद्धतीत एका मीटरला गेटवे, म्हणजे सगळे आकडे गोळा करणारा डबा, दिसला नाही तर तो शेजारच्या मीटरमार्फत आकडा पाठवतो. त्याचं आयईसी ६२५९१ हे आंतरराष्ट्रीय मानक काही कालपरवाचं नाही. तुम्ही अजून डिप टेपच्या प्रेमात.

वाशिष्ठीकाठ:
डिप टेपचं प्रेम ऐका. माझा धाकटा भाऊ कोकणात लोटे एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटी हेल्पर होता. जुलैची रात्र, शेवाळलेली शिडी, एका हातात टेप, दुसऱ्या हातात टॉर्च, तोंडाला ओला रुमाल. टाकीचं झाकण (हॅच) उघडलं आणि भपकारा थेट तोंडावर. मटकन खाली बसला म्हणून वाचला. मागे पाऊल टाकलं असतं तर कठड्याचा त्या बाजूचा पाइप गंजून गेलेलाच होता. अजून जिना चढला की खोकतो. रात्रपाळीसाहेब, त्याला तुमचं बन्सफिल्ड वाचून दाखवू का?

रात्रपाळी:
वाईट वाटलं. पण हे सेन्सर नव्हता म्हणून झालं की मास्क नव्हता, परमिट नव्हतं, कठडा नव्हता म्हणून?

वाशिष्ठीकाठ:
सगळंच नव्हतं! त्यातलं एक जरी असतं तरी चाललं असतं.

खडूस_कामगार:
मास्क कायमवाल्यांना, रुमाल कंत्राटीला. यावर कुणी धागा काढत नाही. डझनभर सेन्सर लावा, आकडे बघणार कोण? आमच्याकडे रात्रीच्या सी शिफ्टला तीन प्लांटना पॅनेलवर एकच पोरगा, तोही ठेकेदाराचा, आठ महिन्यांनी बदलणार. पॅनेलच्या बझरमध्ये पोरांनी कापडाचा बोळा कोंबला होता. नव्या मॅनेजरने तो उपसून काढला. दुसऱ्या रात्री भोकावर चिकटपट्टी.

छोटा_कारखानदार:
झालं, युनियन आली. साहेब, एकदा कारखाना चालवून बघा. ऑर्डर तीन महिन्यांची आणि माणूस तीस वर्षांचा, हे गणित कुणी बसवून दाखवा. पोरं झोपतात म्हणून बोळा घालतात.

खडूस_कामगार:
झोपतात? सोळा तास उभं राहिलेलं पोरगं तुमच्या एसी केबिनमधून झोपलेलं दिसणारच. बझर तासाला पन्नासदा वाजतो, त्यातले पंचेचाळीस खोटे. तुम्ही बसा एक रात्र तिथे.

छोटा_कारखानदार:
बसलोय. तुमच्या जन्माआधी बसलोय. पाच खरे असतात ना? त्यासाठीच पगार देतो.

खडूस_कामगार:
पगार ठेकेदार देतो. तोही पंधरा तारखेनंतर.

केमिस्ट_मावशी:
भांडा सावकाश, मी जरा टाकीकडे वळते. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे टाकीतलं स्टायरीन (प्लास्टिकचा कच्चा माल) उसळलं, १२ माणसं गेली. त्या टाकीला तापमान मोजायची सोय होती, पण तळाशी. वर थर तापत गेले, खाली आकडा निवांत. वायर असो नसो, चुकीच्या जागी बसवलेला सेन्सर खोटंच बोलणार. आणि स्टायरीन आपसूक घट्ट होऊ नये म्हणून घालतात ते टीबीसी नावाचं रसायन किती उरलंय हे टाकीवरचं तुमचं कुठलं मीटर सांगतं? त्यासाठी नमुना काढून लॅबमध्येच आणावा लागतो. आमच्याकडे 'सगळं ऑनलाइन' झाल्यावर पहिली कात्री लागली ती नमुन्यांना.

रात्रपाळी:
मावशी, शंभर मार्क. शिवाय स्टायरीनच्या वाफा रडारच्या अँटेनावर जमून पॉलिमरचा घट्ट थर झाला की रडारसुद्धा सुंदर स्थिर आकडा दाखवतो, काय मास्तर?

मीटरमास्तर:
साफ करायचा असतो तो.

रात्रपाळी:
कोण चढणार साफ करायला?

छोटा_कारखानदार:
माझं ऐका, मी चार बसवलेत. बॅटरी टिकावी म्हणून मिनिटाला एकदाच आकडा पाठवायचा असं सेट करून दिलं. दर सेकंदाला हवा तर बॅटरी लवकर बसणार. ती लिथियमची, स्फोटक क्षेत्रात चालणारी, मूळ कंपनीचीच लागते. आमच्या खरेदीवाल्याने बाजारातून स्वस्त सेल आणले होते, नशीब फोरमनने हात धरला. नागपूरच्या पेसोची (स्फोटकांच्या सुरक्षेचं सरकारी खातं) मान्यता वगैरे वेगळंच. आणि मोबाईलवर कुठे बघता? आमच्या गेटवर लाकडी पेटी आहे, मोबाईल त्यात टाकल्याशिवाय कुणी आत जात नाही.

वाशिष्ठीकाठ:
हा हा. पेटीतच वाजत असेल अलार्म.

रात्रपाळी:
बन्सफिल्डला तासाला ५५० घनमीटरने भरत होते. म्हणजे मिनिटाला नऊ घनमीटर. तुमचे दोन आकडे हुकले तर अठरा.

मीटरमास्तर:
दोन आकड्यांत टाकी ओतत नाही, हाय अलार्म टाकीच्या काठाच्या बराच खाली ठेवतात. बरं, एक मान्य. पंप आपोआप बंद करणारा ट्रिप वायरवरच हवा, वेगळ्या स्विचवरून. मी वायरलेसवर ट्रिप द्या असं कुठेही म्हटलं नव्हतं.

रात्रपाळी:
'मानवी चूक संपली' असं म्हटलं होतंत.

मीटरमास्तर:
ते वाक्य मागे घेतो. समाधान?

रात्रपाळी:
अर्धं. मीही एक मागे घेतो. रोजच्या मोजणीसाठी पावसात माणूस चढवण्यापेक्षा तुमचा अँटेना बरा. भावाला सांगा. पण महिन्यातून एकदा दिवसाउजेडी, मास्क लावून डिप घ्या आणि आकडा ताडून बघा. नाहीतर पंधरावी वेळ कुणी मोजायला उरणार नाही.

वाशिष्ठीकाठ:
भावाला दाखवलं. म्हणाला, "मास्क लावून? ह्यांचा कारखाना कुठाय, अर्ज टाकतो."

केमिस्ट_मावशी:
खडूस, तुमच्या त्या बझरचं पुढे काय झालं?

खडूस_कामगार:
काढून टाकला. आता लाल दिवा बसवलाय. डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर पोरांनी पेपर चिकटवलाय.