कूलर अजून खिडकीतच आहे का? (थंडीत स्वस्तात घर उबदार ठेवण्याचा अनुभव धागा)

खिडकीतलं_ऊन
काल माळ्यावरची गोधड्यांची पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांचा तो वास आला. दिवाळी सरली की घरात चालायची ती सगळी लगबग त्या वासासरशी आठवली. दाराच्या फटीला गोणपाट, झरोक्याला पुठ्ठा, सतरंजीवर सतरंजी. आठवणी काढत बसण्यापेक्षा त्यातलं कामाचं ते एका जागी गोळा करू म्हटलं.

आपली घरं उन्हाळ्याच्या धास्तीने बांधलेली. उंच छत, समोरासमोर खिडक्या, शहाबादी फरशी. मे महिन्यात सुख, डिसेंबरात वैरी. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ वर आला होता, तेव्हा अख्ख्या शहराला हे कळलं. पण अशा चार रात्रींसाठी खोली तापवत बसणं परवडत नाही. फटी बुजवायच्या, ऊन घरात घ्यायचं, अंथरूण गरम करायचं, बास.

पहिला गुन्हेगार कूलर. विदर्भ-खानदेशात कितीतरी घरांत तो बारा महिने खिडकीतच बसलेला असतो. तिन्ही बाजूंना जाळ्या, आत गवत. म्हणजे दोन बाय दोन फुटांची खिडकी रात्रभर सताड उघडी! काढता येत असेल तर काढाच. जड असेल तर तळाचं बूच काढून टाकी रिकामी करा (नाहीतर डास), गवताच्या पट्ट्या काढा, टाकी कोरडी होऊ द्या, बाहेरून ताडपत्री गुंडाळून सुतळीने आवळा. खरा बंदोबस्त मात्र आतून. फ्रीजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा पंख्याच्या तोंडाच्या मापाने दुहेरी कापा, मधे जुनी चादर घाला आणि कडेने चिकटपट्टी लावा. कूलर आणि चौकटीच्या मधली फट सगळे विसरतात. तिथे चिंध्या कोंबा. नुसती ताडपत्री रात्रभर फडफडते, थंडी काही अडत नाही.

दुसरं ऊन. २२ डिसेंबरला नागपुरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट फरशीवर येतं, उन्हाळ्यात ते येत नाही. दहा ते चार पडदे उघडे, सतरंजी गुंडाळून बाजूला, फरशी तापू द्या. साडेचारला खिडक्या बंद, पडदे ओढा, सतरंजी परत अंथरा. बरेच जण दिवेलागणीला पडदे ओढतात, तोवर दिवसभराची कमाई गेलेली असते.

तिसरं, वरचे झरोके. गरम हवा वर जाते आणि तिथूनच पळते. पुठ्ठा लावून बंद करा.

बाकीचं तुम्ही लिहा.

ठेचा_भाकर
आमचा कूलर काढला तर खिडकीच राहत नाही, तो आता भिंतीचाच भाग झाला आहे 😄

पाना_पक्कड
धागा छान, पण झरोक्यांबद्दल थांबा. सरसकट बुजवू नका!! झोपायच्या खोलीतला एखादा ठीक. स्वयंपाकघरातला आणि गॅस गीझर असलेल्या न्हाणीघरातला अजिबात नाही. गीझर जळताना खोलीतलीच हवा खातो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं आणि माणूस आतून कडी उघडू शकत नाही. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेरच लावलेला बरा. आत असेल तर बादल्या आधी भरून घ्या, गीझर बंद करा, मग दार लावा.

खिडकीतलं_ऊन
@पाना_पक्कड बरोबर, हे मी लिहायलाच हवं होतं. झरोका फक्त झोपायच्या खोलीचा.

रुळावरची_खिडकी
फ्लॅटवाल्यांसाठी. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बंद केल्या तरी वारा येतो, कारण कडेच्या खाचेतली केसाळ पट्टी झिजलेली असते. दुकानात ऊल पाइल म्हणून मीटरवर मिळते, काम घरी होतं.

पल्ला वर उचलून खालची कड रुळातून बाहेर घ्या. जुनी पट्टी पकडीने एका टोकाने ओढा, सरळ निघते. खाच जुन्या ब्रशने साफ करा. नवी सरकवताना ताणू नका, नाहीतर महिनाभरात आखडून कोपरे उघडे पडतात. दुकानात जाताना जुना तुकडा नमुना म्हणून न्या. जास्त उंचीची पट्टी बसवली तर खिडकी हलत नाही, कमी उंचीची बसवली तर काही उपयोग नाही. दोन पल्ले मधे जिथे एकमेकांवर येतात तिथली पट्टी सर्वांत आधी बदला, वारा मुख्यतः तिथूनच.

आणि रुळाला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात ती बुजवू नका. पावसाचं पाणी जायची वाट आहे ती. जूनमध्ये मला शिव्या द्याल.

समुद्रकाठचा
मुंबईत १८ झालं की आम्ही कपाटातून स्वेटर काढतो, २० झालं की परत ठेवतो. धागा वाचून हुडहुडी भरली.

ठेचा_भाकर
@समुद्रकाठचा १८ ला आमच्याकडे पंखा लावतात 🙏

निफाडचा_कांदा
आमच्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा किमान तापमानाचा आकडा पेपरात आला की सगळ्यांना थंडी वाजते. तोवर कोणाला काही नसतं.
रच्याकने (बाय द वे) गव्हाला ही थंडी मानवते, द्राक्षाला नाही. मणी तडकतात. पहाटे बागेत शेकोट्या करून धूर करावा लागतो. विषयांतर झालं.

सतरंजी
अंथरुणाबद्दल कोणीच लिहिलं नाही? सगळे वर किती पांघरायचं ते बोलतात, थंडी खालून येते. अंगाच्या वजनाने गादीतला कापूस दबतो, त्यात हवा उरत नाही आणि फरशीचा गारवा थेट पाठीला. म्हणून खाली दोन, वर एक.

जमिनीवर झोपत असाल तर आधी चटई, त्यावर सतरंजी, त्यावर गादी, गादीवर घोंगडी आणि तिच्यावर सुती चादर (नाहीतर टोचते). खाट किंवा जाळीचा पलंग असेल तर खालून वारा फिरतो, तेव्हा गादीखाली पुठ्ठा किंवा गोणपाट हवंच. जुन्या गादीचा कापूस दरवर्षी नाही तरी दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्या. नव्या गादीच्या मानाने खर्च किरकोळ आणि ऊब नव्यासारखी.

गोधडीत ऊब असते ती थरांमधल्या हवेची. जुन्या सुती साड्यांचे पाच-सहा थर पुरतात. दहा घातले तर नुसतं वजन वाढतं, धुतली तर वाळत नाही. टाके फार जवळ घातले की गोधडी पापडासारखी चपटी होते. बोटभर अंतर ठेवा. आणि रोज नाही तरी दिवसाआड उन्हात टाका, पण चारच्या आत उचला. दव पडायला लागल्यावर सुती कापड ओल धरतं आणि रात्री तीच गोधडी गार लागते. घोंगडी गरम पाण्यात धुऊ नका, आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. ऊन दाखवायचं आणि काठीने झटकायची, एवढंच.

फुलवात
@सतरंजी आमच्याकडे वाकळ म्हणतात. सिंथेटिक साड्या चालतील का? घरी त्यांचाच ढीग आहे.

सतरंजी
@फुलवात मधल्या थरात एखादी चालेल. अंगाकडची बाजू सुतीच हवी. सगळीच सिंथेटिक केली तर सरकते, घाम धरते आणि अंधारात चटचट ठिणग्या उडतात. पोरं खूश होतात तेवढंच.

मीटर_रीडिंग
हीटरचा हिशोब. ऑइल हीटर २००० वॅटचा, म्हणजे पूर्ण जोरात तासाला २ युनिट. रोज ४ तास धरले तर ८, महिन्याला २४०. थर्मोस्टॅट मधे मधे तोडतो म्हणून थोडे कमी, पण फटीवाल्या खोलीत तो तोडतच नाही. महावितरणची १०० आणि ३०० ची पायरी ओलांडली की वरच्या प्रत्येक युनिटला चढा दर. बिल दुप्पट होतं ते यामुळे.

हॅलोजनची एक नळी साधारण ४०० वॅट. ती हवा तापवत नाही, समोर बसलेल्याला तापवते. एकट्याने टेबलाशी बसायचं असेल तर पुरे. तोंड पडद्याकडे नको, तीन फूट अंतर ठेवा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे विजेची अंथरायची चादर. एकेरी ६० ते १०० वॅट. झोपण्याआधी अर्धा तास लावा, अंथरुणात शिरताना बंद करा. वीज लागते युनिटच्या विसाव्या हिश्श्याइतकी. घडी घालून ठेवू नका, आतली तार मोडते आणि पुढच्या वर्षी तिथेच जळते. सैल गुंडाळी करून ठेवा. तान्ह्या बाळाच्या अंथरुणात नको.

२००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. बेडरूममधला छोटा प्लग ६ अँपिअरचा. मोठ्या १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. पिन काढल्यावर हाताला चटका बसत असेल तर आतला स्क्रू ढिला आहे, त्याच दिवशी बघून घ्या.

पाना_पक्कड
@मीटर_रीडिंग +१ शेवटच्या ओळीला. पिवळा पडलेला सॉकेट म्हणजे सूचना आहे.

यमुनापार
दिल्लीकडून. इथे दर हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांची बातमी येतेच. शेजारी पाण्याची बादली ठेवली की गॅस शोषला जातो, असा ठाम समज आहे. साफ खोटं. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हीटरजवळ पाणी ठेवल्याने हवेतला कोरडेपणा कमी होतो, म्हणून विजेच्या हीटरला ते ठीक, शेगडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. निखारे राखेने झाकले तरी आत धुमसत राहतात आणि धुमसता कोळसा पेटत्यापेक्षा वाईट. शेगडी अंगणात, शेकून झालं की तिथेच सोडायची.

रजई भरून घेणाऱ्यांसाठी: एकेरीला दीड ते दोन किलो कापूस, तोही डोळ्यांसमोर वजन करून. जुना कापूस परत भरताना थोडा नवा मिसळायला सांगा, नाहीतर गोळे होतात.

तळहातावर_मीठ
पत्र्याच्या घरांचं कोणीतरी बोला. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशात सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे आतून टपटप होते ती गळती नव्हे, घरातल्या माणसांच्या श्वासाची नि स्वयंपाकाची वाफ पत्र्याला लागून पाणी होते. लोक उगीच डांबर आणून वरून लावतात.

उपाय म्हणजे पत्र्याखाली दुसरा पडदा. मधे ४ ते ६ इंच मोकळी जागा. बांबूचे तट्टे उत्तम. ते नसतील तर उसवून एकत्र शिवलेल्या सिमेंटच्या गोण्या, आडव्या ताणलेल्या तारांवर. किंचित उतार द्या म्हणजे ठिबकलेलं पाणी भिंतीकडे जाईल, अंथरुणावर नाही. प्लास्टिक पत्र्याला चिकटवून लावलं तर त्याच्यावरच थेंब धरतात. थर्माकोल नको, भुरूभुरू पेटतो. तट्ट्यांवर तणस (भाताचा पेंढा) टाकायचा सल्ला देणारेही असतात, उंदीर आणि आग दोन्हींना आमंत्रण. भिंत आणि पत्रा यांच्या मधल्या पन्हळीच्या फटी चिंध्यांनी बुजवा, फक्त चुलीकडची बाजू मोकळी सोडा.

फुलवात
डिंकाच्या लाडवांना डिंक आतून कच्चा राहतोय, दातांना चिकटतो. इथे विचारते, थंडीचाच धागा आहे ना 😊

गूळपोळी
@फुलवात डिंक आधी दोन दिवस उन्हात वाळवा, मोठे खडे फोडून हरभऱ्याएवढे करा. तूप मध्यम गरम, मूठभरच घाला. तूप फार कडक असेल तर वरून फुलतो, आत खडा राहतो. एक दाणा चिमटीत चुरडून बघा, भुगा झाला पाहिजे. वाटीभर डिंकाला दोन वाट्या खारीक पूड, दोन वाट्या भाजलेलं खोबरं, अर्धी वाटी खसखस, दीड वाटी गूळ. गूळ नुसता वितळवा, पाक केला की लाडू फोडायला बत्ता लागेल.

फुलवात
बत्ता 😂 गेल्या वर्षीचं कोडं सुटलं. धन्यवाद.

टेम्सकाठी
इंग्लंडात घर मुळातच थंडीसाठी बांधलेलं, प्रश्न बिलाचा आणि बुरशीचा. नवीन आलेल्या मंडळींसाठी भराभर: रेडिएटर (भिंतीलगतचं, आत गरम पाणी फिरणारं लोखंडी पॅनेल) वर गार, खाली गरम असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून गार होऊ द्या, वरच्या कोपऱ्यातली चौकोनी खुंटी किल्लीने अर्धा फेरा सैल करा, फुसफुस थांबून पाणी दिसलं की आवळा. मग बॉयलरचा दाब बघा, गार असताना १ ते १.५ बार हवा. कॉम्बी बॉयलर (नळाचं पाणीही तोच तापवतो, वेगळी टाकी नसते) असेल तर रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७५-८० वरून ६० वर आणा. खोली सावकाश तापते पण गॅस वाचतो, कारण परतीचं पाणी गार असलं तरच धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळते. सोफा रेडिएटरला चिकटवून ठेवू नका. कपडे खोलीत वाळवत असाल तर तिचं दार बंद आणि खिडकी थोडी उघडी, नाहीतर ती ओल भिंतींवर काळी होऊन उगवते.

गरम पाण्याची रबरी पिशवी इथे घेतली तर मानेजवळ फुलासारखा शिक्का असतो, मधला आकडा वर्ष. दोन-तीन वर्षांनी फेकून द्या. उकळतं पाणी नको, दोन तृतीयांशच भरा आणि हवा दाबून काढून मग झाकण लावा.

यमुनापार
@टेम्सकाठी शिक्क्याचं माहीत नव्हतं. आमच्या पिशवीवर फक्त अस्वल आहे.

मीटर_रीडिंग
आंघोळीचंही बघा. २० लिटर पाणी १८ वरून ४२ अंशांवर न्यायला साधारण ०.५६ युनिट लागतं, मग कॉइल असो की गीझर. १५०० वॅटच्या कॉइलला २२ ते २५ मिनिटं. गीझर दिवसभर चालू ठेवला की टाकी गार होते, परत तापते, तो खर्च वेगळा. कॉइल पाण्यात खुणेपर्यंत बुडवल्यावरच बटण चालू करा, बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट नाही, आणि लोखंडी बादली तर नाहीच.

ठेचा_भाकर
बंबाला लाकूड, नारळाच्या करवंट्या, कणसाची बुरकुंडं काहीही चालतं. बिल शून्य. डोळ्यात धूर फुकट.

रुळावरची_खिडकी
काचेला बबल रॅप लावणाऱ्यांनी गोंद वापरू नका. काचेवर पाण्याचा फवारा मारा, फुगे काचेकडे करून दाबा, आपोआप चिकटतो. उजेड येतो, बाहेरचं धूसर दिसतं.

खिडकीतलं_ऊन
उत्तम. आता एकच, पुठ्ठ्याची टेप फेब्रुवारीत काढताना रंग निघतो त्याचं काय करायचं?

पाना_पक्कड
आता लावतानाच भिंतीवर नाही, लाकडी किंवा लोखंडी चौकटीवर लावा. तपकिरी टेप नको, रंगाऱ्यांची कागदी टेप घ्या. चिकट राहिलंच तर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. उन्हाने टेप तापलेली असताना दुपारी काढली तर निम्मं काम तसंच होतं.