शहरसमूह वाढले की हवा बिघडते?

दक्षिणवारा:
नियोजनाची कुठलीही चर्चा काढा, शहरसमूह हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध म्हणून सांगितलं जातं. एकाच महानगरावर भार नको, आजूबाजूची पाच-दहा शहरं रस्त्यांनी-रेल्वेनं जोडा, कचेऱ्या इकडे, कारखाने तिकडे, की झालं. हवेपुरतं तरी मला हे पटत नाही. मधल्या शहराची हवा सुधारते ती बऱ्याचदा धूर शेजाऱ्याच्या दारात ढकलून.

बीजिंग घ्या. ऑलिंपिकच्या निमित्तानं शौगांगचा पोलाद कारखाना शहराबाहेर काढायचं ठरलं आणि २०१०च्या अखेरीस तिथल्या भट्ट्या थंडावल्या. पोलाद बनायचं थांबलं का? छे. ते दोनेकशे किलोमीटरवर, हबेई प्रांतात तांगशानच्या समुद्रकाठी काओफेइद्यानला बनू लागलं. दिल्लीतलं बदरपूरचं कोळशावरचं वीजकेंद्र २०१८ साली बंद झालं. दिल्लीला लागणाऱ्या विजेसाठी दिल्लीबाहेर कोळसा जळतोच आहे.

दुसरं असं की शहरं एकमेकांना भिडली की मधली मोकळी जागा जाते. पूर्वी एका शहराचा धूर पुढच्या वस्तीपर्यंत पोचेतो विरायचा. आता वारा एका शहराचं घेऊन थेट दुसऱ्यात शिरतो, तिथलं आणखी गोळा करतो आणि पुढे जातो. त्यात थंडीच्या रात्री वर उबदार हवेचा थर बसला की खालच्या धुराला मिसळायला उरते ती शे-दोनशे मीटरची उंची.

समूह वाढवणं म्हणजे हवा बिघडवणं, असं माझं सरळ मत आहे. पटत नसेल त्यांनी खुशाल झोडावं.

कोनमापक:
झोडतो. बीजिंगची गोष्ट तुम्ही मध्येच सोडलीत. तिथली पीएम २.५ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक सरासरी २०१३ साली घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती. २०१७ला ५८ आणि २०२३ला ३२. एक कारखाना हलवून एवढी घसरण होत नसते. सप्टेंबर २०१३मध्ये चीननं जो कृती आराखडा काढला त्यात लक्ष्यं एकेकट्या शहराला दिलेली नव्हती. बीजिंग-त्यानजिन-हबेई या सबंध पट्ट्याला २०१७पर्यंत २५ टक्के कपात, यांगत्से नदीच्या मुखाकडच्या शहरांना २०, पर्ल नदीच्या मुखाकडच्यांना १५. पुढे बीजिंग आणि त्यानजिनला आणखी २६ शहरं जोडून '२+२६' अशी यादीच केली आणि थंडीतले निर्बंध सगळ्यांना एकदम लावले. तुमचं ते तांगशानही या काळात चांगलंच खाली आलं.

शिवाय पर्याय काय? तीच माणसं, तेच कारखाने शंभर तालुक्यांत पसरले तर मेट्रो कुणाच्या जिवावर चालवणार? धूर गाळायची यंत्रणा मोठ्या कारखान्याला परवडते. कोपऱ्यातल्या छोट्या भट्टीला नाही परवडत, आणि तपासायलाही कुणी फिरकत नाही. दाट वस्तीत दरडोई धूर कमी निघतो.

दक्षिणवारा:
दरडोई धूर कमी, मान्य. पण फुफ्फुसात जातो तो दर घनमीटर. दहा लाख माणसांचा दरडोई कमी धूर एका जागी साठला तर तिथला माणूस जास्तच ओढणार. आणि ३२ म्हणजे काय, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१पासूनची शिफारस ५ची आहे.

उंटावरून:
इलेक्ट्रिक गाड्या आल्या की हा धागा आपोआप बंद पडेल. पुढचा विषय घ्या.

फिल्टरपेपर:
@उंटावरून, टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळ इलेक्ट्रिक गाडीलाही चुकत नाही. ब्रेकची कमी होते, पण गाडी वजनदार असल्यामुळे टायरची फारशी नाही. असो.

मी हवेचे नमुने तपासण्याच्या कामात आहे, म्हणून थोडं तपशिलात लिहितो. नमुना घेणाऱ्या यंत्रात ४७ मिलिमीटर व्यासाची टेफ्लॉनची चकती बसवतात. चोवीस तासांनी ती काढायची, ठरावीक तापमान आणि आर्द्रता असलेल्या खोलीत ठेवायची आणि मग सूक्ष्म तराजूवर तोलायची. रहदारीच्या रस्त्यालगतची चकती काळी कुळकुळीत निघते. शहरापासून लांब, वाऱ्याच्या दिशेला ठेवलेली फिकट राखाडी. नवीन आलेली पोरं ती बघून म्हणतात, इथं हवा बरी दिसते. तोलली की तोंडं बघण्यासारखी होतात, कारण वजन पुष्कळदा तेवढंच भरतं.

त्याचं कारण असं. काळं असतं ते काजळीचं. सल्फेट आणि नायट्रेटला रंग नसतो आणि ती थेट धुराड्यातून फारशी निघतही नाहीत. वीजकेंद्राचा सल्फर डायऑक्साइड, गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि शेतातल्या युरियातून, गुराढोरांच्या शेणमुतातून सुटणारा अमोनिया यांची वाटेत गाठ पडून हे कण हवेतच तयार होतात. त्याला काही तास लागतात, कधी एखाद-दुसरा दिवस. तेवढ्यात वारा शेकडो किलोमीटर गेलेला असतो.

शहरसमूहात नेमका हाच मसाला एकत्र येतो: मध्ये गाड्या, कडेला वीजकेंद्रं, फटीफटीत शेती आणि गोठे. त्यामुळे दक्षिणवारांचं निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मला अर्धवट वाटतो. एका शहरानं आपली वाहनं कितीही आवरली तरी यातला एकच घटक कमी होतो. तिन्ही घटक एका अधिकाराखाली आणायचे तर समूहाएवढाच पल्ला हवा.

(अवांतर: उन्हाळ्यात टेफ्लॉनवरून बरंचसं नायट्रेट उडून जातं, म्हणून त्यासाठी वेगळी नायलॉनची चकती लावतात. नुसत्या वजनावर भांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

आडवाट:
फिल्टरपेपर, छान प्रतिसाद. जमिनीलगतचा ओझोन राहिला, तोही श्वासाला घातकच; तो मी घेते.

शहराच्या गजबजलेल्या भागात गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, त्यामुळे मध्यभागी ओझोन कमी दिसतो. तीच हवा उन्हात शिजत पुढे गेली की तिथं तो वाढतो. लॉस एंजेलिसमध्ये समुद्राकडचा वारा सगळं आत, रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनोकडे लोटतो. पुढे डोंगर. त्या खोऱ्यातला सगळ्यात वाईट ओझोन वर्षानुवर्षं तिथंच मोजला जातो, म्हणजे धूर ज्यांच्या गाड्यांचा नाही त्यांच्या वाट्याला. वर घरबसल्या मागवलेल्या मालाची प्रचंड गोदामंही तिथंच उभी राहिली, कारण जागा स्वस्त. आता बंदरातून निघालेले ट्रकही त्यांच्याच दारात.

कोनमापक यांना आवडेल असा भाग हा की १९७७ साली तिथं चार काउंट्यांचं (म्हणजे जिल्ह्यांचं) मिळून एकच हवा-नियंत्रण मंडळ झालं. त्याच मंडळानं २०२१ला नियम केला: एक लाख चौरस फुटांवरच्या गोदामांनी आपल्याकडे येणाऱ्या ट्रकांच्या धुराचीही जबाबदारी घ्यायची. धूर काढणारा ट्रक दुसऱ्याचा असला तरी. हे एकट्या नगरपालिकेला जमलं नसतं.

दक्षिणवारा:
१९७७ला मंडळ आणि २०२१ला गोदामांचा नियम. मधली चव्वेचाळीस वर्षं रिव्हरसाइडच्या लोकांनी काय करायचं?

एकत्रित कारभाराची ही जी स्तुती चालली आहे तिला जर्मनीतल्या रूर खोऱ्याचं उत्तर आहे. खाणी आणि पोलादाच्या शहरांचा तो युरोपातला सगळ्यात ठसठशीत समूह. १९६१ साली जर्मन नेते विली ब्रांट यांनी निवडणुकीच्या प्रचारात म्हटलं की रूरवरचं आकाश पुन्हा निळं झालं पाहिजे. त्या वेळी हसले लोक. पुढं जे काही झालं त्यात एक उपाय होता उंच धुराड्यांचा. खालची हवा सुधारली, पण गंधक वर जाऊन लांब वाहिलं. ब्रिटनच्या धुराड्यांचं आणि यांचं मिळून ते स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांत आम्ल होऊन पडलं, मासे मेले. १९७९ला जिनिव्हात सीमापार प्रदूषणाचा करार करावा लागला. म्हणजे समूह एक झाला तरी त्याला बाहेरचा शेजारी सापडतोच.

कोनमापक:
रूरचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तो करार म्हणजे आणखी मोठा पल्ला, दुसरं काय? आणि त्यानंतर युरोपातला गंधक उतरला तो कुणी शहरं विखुरल्यामुळे नाही.

फिल्टरपेपर:
पल्ला मोठा करा असं म्हणणं सोपं आहे, कागदावर तो कसा आखला जातो ते बघा. भारतात वीजकेंद्रांनी गंधक गाळायची यंत्रणा बसवावी हा नियम डिसेंबर २०१५चा. जुलै २०२५मध्ये तो सैल झाला. आता ती सरसकट सक्तीची राहिली आहे फक्त राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापासून किंवा दहा लाखांवरच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना. प्रदूषित ठरलेल्या इतर भागांलगतच्या केंद्रांचं एकेक प्रकरण बघून ठरणार, बाकीच्यांना सूट. वर मी लिहिलंय की सल्फेट बनेपर्यंत हवा शेकडो किलोमीटर गेलेली असते. १० किलोमीटरचं वर्तुळ तिनं तासाभरातच ओलांडलेलं असतं.

दक्षिणवारा:
बघा!

कोनमापक:
काय बघा? वर्तुळ लहान काढलं हा समूहाचा दोष कसा? उलट दिल्लीसाठी २०२१च्या कायद्यानं जो आयोग नेमला त्याचा अधिकार पंजाबपासून राजस्थानपर्यंत, राजधानी क्षेत्राच्या भोवतालीही चालतो. सोय आहे, वापरत नाहीत ही वेगळी तक्रार. त्यावर वेगळा धागा काढा, मी तुमच्या बाजूनं लिहीन.

आडवाट:
दोघंही खर्चाबद्दल गप्प आहात. २०१७च्या थंडीत '२+२६'मधल्या गावांत कोळशाच्या शेगड्या काढून गॅस देण्याची मोहीम निघाली. शेगड्या निघाल्या, गॅस पुरला नाही, आणि हबेईतली घरं गारठली. बीजिंगच्या आकड्यांतली घट खरी आहे, पण तिच्यातला काही हिस्सा त्या घरांनी भरलाय. समूह म्हणून कपात मागायची तर पैसेही समूह म्हणून वाटून घ्या. कोनमापक, तुमच्या त्या २०१३च्या लक्ष्यांसोबत मधल्या शहरानं कडेच्यांना किती द्यायचं, हे कुठं लिहिलेलं होतं?

उंटावरून:
धागा बंद पडत नाही असं दिसतंय. टायरचं आणखी इस्कटून सांगा ना कुणीतरी.