मदत हवी आहे: दहावीची पोरगी, वही अर्धी कोरी

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. पोरगी यंदा महानगरपालिकेच्या शाळेत दहावीला आहे. तिथले गणिताचे सर फळ्यावरून उतरवून देतच नाहीत. परवा समरूप त्रिकोण शिकवायला पोरांना मैदानात नेलं. एक मीटरच्या पट्टीची सावली ६० सेंटीमीटर, झेंड्याच्या खांबाची ३.६ मीटर, म्हणजे खांब ६ मीटर! घरी येऊन तिनं मला चमच्याच्या सावलीवर हेच समजावलं. मी खूश, पण सासूबाई म्हणतात, "खेळूनच राहिली पोट्टी, लिहिणार कधी?"

त्यांचंही खोटं नाही. बोर्डात बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत फक्त २०. तोंडी फटाफट सांगते, पण सिद्धता लिहायला बसली की पक्ष (काय दिलंय) आणि साध्य (काय सिद्ध करायचंय) यातच अडखळते. अन् वेळ लावते तो वेगळाच.

कोणाच्या मुलांना असं शिकायला मिळालंय का? लिहिण्याचा सराव घरी कसा करून घेतला? ई-बालभारतीवरून पुस्तकं डाउनलोड केलीत. शिकवणी लावायची माझी तयारी आहे, पण तिथं पुन्हा घोकंपट्टी सुरू झाली तर? सरांशी याबद्दल बोलावं का, की त्यांना राग येईल?