अंजिराला पानंच पानं, फळ टिकत नाही. झाड काढू का ठेवू?

अंगणवेडी (कोथरूड), १८ ऑगस्ट
मंडळी, जरा सल्ला हवाय. घरामागे कुंपणाच्या कडेला अंजिराचं झाड आहे. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात गुटी (फांदीलाच मुळं फोडून केलेलं कलम) आणून लावलं होतं. आता पत्र्याच्या वर गेलंय, एकेक पान ताटाएवढं. फळांचं मात्र विचारू नका. यंदा पंधरा-वीस लागली, सुपारीएवढी झाली आणि पिवळी पडून गळाली. दोन वाचली ती आतून पांचट, काकडी खाल्ल्यासारखी. सध्या पानांच्या मागे तांबूस पूड दिसते, बोट फिरवलं तर बोटाला लागते. खालची पानं झडून झाड उघडं पडलंय.
रोज संध्याकाळी पाणी घालते, महिन्याला शेणखत. कुणी सांगितलं म्हणून ताक-गूळही घालून झालं. सासूबाई म्हणतात, "उंबराचं भावंड ते, आत माशी शिरल्याशिवाय फळ धरायचं नाही." खरंय का? की हे काढून दुसरी जात लावू? जात सुचवा.

हिरवा_कोपरा, १८ ऑगस्ट
पोटॅश कमी पडतंय. राख घाला मूठ-मूठ.

दिवेघाटावरचा, १९ ऑगस्ट
ताई, झाड काढू नका आणि राखही घालू नका. झाड उपाशी नाही, लाडावलंय. रोज पाणी आणि महिन्याला खत मिळत असेल तर ते फळ कशाला धरेल, पानंच काढत बसेल.
आधी माशीचं. सासूबाईंचं उंबराच्या बाबतीत बरोबर आहे. तुर्कस्तानातल्या स्मर्ना जातीच्या अंजिरालाही माशी लागते. आपलं पूना अंजीर मात्र माशीशिवाय फळ धरतं आणि पिकवतं. त्यामुळे 'अंजिरात मेलेला किडा असतो' म्हणून कुणी खात नसेल, तर घरचं अंजीर खुशाल द्या.
आता खरी गोष्ट. अंजिराचे दोन बहार, म्हणजे फळ धरायचे हंगाम. जूनच्या पाण्यावर धरला तो खट्टा, त्याचं फळ थंडीत येतं. पावसाळा सरताना ताण देऊन (म्हणजे पाणी तोडून) ऑक्टोबरात पाणी सोडलं तो मीठा, त्याचं फळ फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत. चवीतला फरक नावातच आहे. तुमची फळं वाढली ती भर पावसात, ढगाळ हवेत. त्यात साखर कुठून उतरणार? घरच्या एका झाडाला मीठाच धरा.
कसं करायचं ते सांगतो. पाऊस उघडला की पाणी तोडा, तीन-चार आठवडे थेंब नाही. पानं पिवळी पडून गळतील. जीव खालीवर होईल, पण हात आवरा. मग गेल्या हंगामाच्या फांद्या साधारण निम्म्यावर छाटा. वाळक्या, आत घुसलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या बुडापासून काढा. आळं उकरून दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मातीत मिसळा. पहिलं पाणी हलकं, आठवड्याने भरपूर. नवी फूट येते, आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात फळ बसतं. फळ येतं ते नव्या फांदीवर, म्हणून तर छाटायचं. तिथून पिकायला चार-साडेचार महिने.
छाटताना पूर्ण बाह्या घाला, हाताला खोबरेल चोळा. चीक अंगावर पडून ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते. माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

अंगणवेडी, १९ ऑगस्ट
काका, खूप आभार! म्हणजे चार वर्षं मी प्रेमाने बिघडवलं म्हणायचं. 🙈 ती तांबूस पूड कशाची?

मोरचूद_आणि_चुना, २० ऑगस्ट
तांबेरा, बुरशीचा रोग. पुण्याच्या पावसाळ्यात अंजिराला तो ठरलेलाच. गळलेली पानं झाडाखाली ठेवू नका आणि कंपोस्टातही टाकू नका, थेट कचऱ्यात द्या. फवारणीला घरचं बोर्डो मिश्रण करा. एका प्लास्टिकच्या मगात अर्धा लिटर पाणी आणि १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट). दुसऱ्यात १० ग्रॅम कळीचा चुना विरवून त्याचंही अर्धा लिटर करा. मग दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओता. लोखंडी भांडं नको. तयार झालं की त्यात स्वच्छ घासलेला खिळा मिनिटभर धरा. खिळ्यावर तांबूस पुट चढलं तर थोडी चुन्याची निवळी आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. गाळून त्याच दिवशी फवारा, रोग पानामागे आहे तेव्हा मुख्यतः पानामागेच. छाटणीनंतर एक हात पुन्हा. फळं पिकायला आली की बंद.

चौथा_मजला (ठाणे), २० ऑगस्ट
मध्येच घुसते. माझं कुंडीत आहे, अर्ध्या कापलेल्या पिंपात. मीही महिनाभर पाणी तोडू?

दिवेघाटावरचा, २० ऑगस्ट
अजिबात नको! कुंडीतल्या मातीत ओल ती किती, महिन्यात झाडाची काडी होईल. कुंडीला पाणी निम्मं करा, पानं मलूल झाली की थोडं द्यायचं, असं दोन आठवडे. मग छाटणी. फळं असताना मात्र पाण्यात खंड नको. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी डबडबून, असं झालं की फळ तडकतं आणि मुंग्यांची सोय होते.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण), २१ ऑगस्ट
आमच्याकडे चार महिने आभाळच फाटलेलं असतं. तीन झाडं लावली, तिन्ही गेली, मुळ्या कुजून. आता एकच आहे, पिंपात, पडवीच्या पत्र्याखाली. जूनला आत ओढायचं, दसऱ्याला बाहेर. गेल्या उन्हाळ्यात ११ फळं खाल्ली. अकराच, पण मोजून.

बर्फातला_माळी (एडिसन, न्यू जर्सी), २२ ऑगस्ट
इथे उलटीच तऱ्हा, तुमच्याकडे पाऊस तर आमच्याकडे थंडी. शेजारचे इटालियन आजोबा दर नोव्हेंबरला झाड गोणपाटात गुंडाळून डोक्यावर बादली पालथी घालतात. आधी वाटलं भूत उभं केलंय. मी कुंडी गॅरेजात ठेवतो, ब्राउन टर्की जातीचं आहे. एक विचारायचं होतं, सुक्या अंजिरातल्या बिया पेरून रोप होईल का? आईने भारतातून आणलेली आहेत.

मोरचूद_आणि_चुना, २२ ऑगस्ट
उगवतील, पण त्या फंदात पडू नका. बियांची निम्मी रोपं नर निघतात, त्यांची फळं खाण्यालायक नसतात. उरलेल्यांना फळ धरायला माशीची गरज असली तर? सुकं अंजीर बहुतेक अफगाणिस्तानातलं, त्याची जात कोण सांगणार. आजोबांकडून वीतभर काडी मागून घ्या.

दिवेघाटावरचा, २३ ऑगस्ट
ताईंनी जात विचारली होती, राहूनच गेलं. पुण्यात पूना अंजीरच. दौलताबादकडची दिनकरही चांगली. दियानाचं फळ मोठं, पिवळसर हिरवं. पण घरी ताजं तोडून खायला मला आपलंच पातळ सालीचं आवडतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून जो तो रोपवाटिकावाला 'पुरंदर' पाटी लावतो. पाटीवर जाऊ नका. काडी कुठल्या झाडाची आणि त्या झाडाचं फळ खाल्लंय का, एवढं विचारा.
आणि बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर त्याच दिवशी भोक शोधा. आत अळी असते. तार घालून तिला मारा, पेट्रोलचा बोळा आत सारा, वरून चिखल लिंपा. तांबेऱ्याने झाड मरत नाही, या अळीने मरतं.

अंगणवेडी, ९ मार्च
हजेरी लावायला आले. पाऊस यंदा लांबला, त्यामुळे छाटणी दसऱ्यानंतर दहा दिवसांनी झाली. मधले तीन आठवडे झाड बोडकं उभं होतं आणि सासूबाई रोज विचारायच्या, "मारलंस ना शेवटी?" एकदा त्यांनी चोरून तांब्याभर पाणी घातलेलंही पाहिलं. नव्या फुटीवर मोजून ४३ फळं धरली. आठ गळाली.
परवा पहिलं पिकलं. कळलं कसं, तर आदल्या दिवसापर्यंत ताठ असलेलं फळ मान टाकून खाली लोंबत होतं, बुडाशी एक बारीक चीर. तोडून घरात आले तोवर हाताला चिकट. आतून गुलाबी, चमच्याने खाण्याइतकं मऊ. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "बरंय, पण आमच्या वेळी जास्त गोड असायची."
दुसरं बुलबुलाने खाल्लं. काका, पिशव्या कसल्या बांधू?

दिवेघाटावरचा, ९ मार्च
जुन्या मच्छरदाणीच्या शिवा. प्लास्टिक नको, आत घाम धरून फळ आंबतं. देठाशी सैल बांधा, आणि फळाचा रंग पालटायला लागण्याआधी. बुलबुल आपल्या एक दिवस आधी येतो.

वाशिष्ठीकाठ, १० मार्च
४३!! आमचं यंदा सहावर आहे. एक काडी पाठवाल का पोस्टाने?