‘सर्वसाधारण दर’ म्हणजे सरासरी नव्हे? (शब्दचर्चा)

निफाडची लेक
माहेर निफाड तालुक्यातलं, नोकरी ठाण्यात. रोज दुपारी बाबांना फोनवर बाजारभाव वाचून दाखवते. पणन मंडळाच्या तक्त्यातले रकाने पाठ झालेत: शेतमाल, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. काल घाईत शेवटच्याला ‘सरासरी’ म्हणाले तर बाबा तडकले. “सरासरी नाही, सर्वसाधारण. वेगळं असतं ते.” वेगळं कसं, तर “असतं.” मला सर्वसाधारण म्हटलं की सोसायटीची सभाच आठवते. कुणी उलगडून सांगेल का?

जुना मापाडी
ताई, बाबा बरोबर आहेत. समजा कांद्याचे शंभर ट्रॅक्टर लागले. त्यातला एक निवडक माल क्विंटलला २,१०० रुपयांनी गेला, दोन-तीन ट्रॉल्या गोल्टी ३०० ला गेली आणि बाकीचा बहुतेक कांदा ९०० च्या आगेमागे विकला. तक्त्यात कमीत कमी ३००, जास्तीत जास्त २,१००. दोन्ही टोकं धरून मध्य काढलात तर १,२०० येतो. त्या १,२०० ला त्या दिवशी एक पिशवीसुद्धा गेलेली नाही! सर्वसाधारण लिहायचा तो ९००, म्हणजे जास्तीत जास्त माल ज्या भावाला गेला तो. शेतकऱ्याने घरून निघताना हाच आकडा धरावा. पेपरात मथळा मात्र २,१०० चा होतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे त्याच आशेवर ट्रॉली भरतात.

गोल्टी म्हणजे बारका गोल कांदा, हे ठाण्याच्या लोकांसाठी.

खडू-फळा
दहावीच्या गणितात मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवतो. मापाडीकाकांनी सांगितलं ते शुद्ध बहुलक. आजपर्यंत मुलांना बुटांच्या नंबरांचं उदाहरण देत होतो, उद्यापासून कांदा.

निफाडची लेक
काका, आता डोक्यात बसलं. पण त्याच तक्त्यात खाली बैल, म्हैस, शेळी असतात. परिमाण ‘नग’. जात/प्रतीच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा. कोथिंबिरीची जुडीही नग आणि म्हैसही नग? यावरून घेणाऱ्याला काय कळतं?

माणदेशी
काही कळत नाही, म्हणून तर लोक रविवारी सांगोल्याला, शुक्रवारी घोडेगावला स्वतः जातात. जनावराची प्रत तोंडात असते, शब्दशः. आमचे आजोबा आधी जबडा उघडायचे. दुधाचे दात तसेच असतील तर तो खोंड आदत. पुढचे दोन पक्के दात आले की दोन दाती, साधारण दोन-अडीच वर्षांचा. मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. जुळल्यानंतर वय सांगणारा दात उरत नाही, फक्त झीज उरते. तिथून पुढे विकणाऱ्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. शर्यतीवाल्यांच्या तोंडी हेच आदत, दुसा, चौसा असं येतं.

म्हशीचं माप दातापेक्षा वेतावर, म्हणजे कितव्यांदा व्याली त्यावर. पहिलारू, दुसऱ्या वेताची, तिसऱ्या वेताची. गाभण की दुभती की भाकड. चारही सड चालू आहेत का, हे बघायला गिऱ्हाईक स्वतः धार काढून बघतं. म्हशीची तरुण मादी ती वगार, गाईची कालवड, शेळीची पाट. हे तीन शब्द शहरात गेले की तिन्हींचं ‘पिल्लू’ होतं, याचा मला राग येतो.

आणि भाव तोंडाने बोलायचा नाही. उपरण्याखाली हात धरायचा, बोटं दाबायची. याला हत्ता म्हणतात. तीन बोटं म्हणजे तीन हजार की तीस हजार, ते समोरचं जनावर बघून दोघांना कळतं. आजोबांच्या वयाची माणसं त्यातच नंदभाषेतले, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सांकेतिक बोलीतले, आकडे पुटपुटायची: केवली एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. बाजार समित्यांत नियम उघड लिलावाचा असला, तरी गुरांच्या बाजारात उपरणं अजून दिसतं. मग तक्त्यातला दर कुणी लिहिला आणि कशावरून, हा प्रश्न मी आजोबांना विचारला होता. ते नुसते हसले.

शेडवाला
आमच्याकडे सोपं. अंडी शेकड्यावर, कोंबडी जिवंत किलोवर. गिऱ्हाईक चिकनचा भाव बघतं आणि आम्हाला म्हणतं ‘मजा आहे तुमची’. जिवंत आणि सोललेली यात पिसं, आतडी, डोकं, पाय जातात, ते कुणी धरत नाही. आणि ब्रॉयलरला आमच्या भागात सगळे ‘बॉयलर’च म्हणतात, दुरुस्त करायला जाऊ नये.

शब्दवेडी
एक भर. ‘भाव’ आणि ‘दर’ अदलाबदल करून चालत नाहीत. भाव चढतो, उतरतो, कोसळतो, हंगामाच्या सुरुवातीला फुटतो. तो जिवंत आहे. दर मात्र जाहीर होतो, ठरतो, मिळतो. म्हणून ऊसदर, दूधदर, पण कांद्याचा भाव. सरकार किंवा कारखाना ठरवतो तो दर. ‘भाव पडला’ आणि ‘भाव पाडला’ यातला एक काना तर शेतकऱ्याला विचारा. माणूस भाव खातो, दर खात नाही.

जुना मापाडी
‘दूधभाव’ही ऐकलाय हो मी. पण मुद्दा पटला.

एक शब्द राहिलाच, पट्टी. विक्रीनंतर हातात येते ती हिशेबाची चिठ्ठी. वर मालाची रक्कम, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. भाव तक्त्यात बघायचा, पण पैसे पट्टीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा रुपया किलोने गेला. खर्च वजा जाऊन पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे आणि धनादेश निघाला दोन रुपयांचा. कधी खर्चच जास्त भरतो, मग शेतकऱ्यानेच पदरचे भरायचे. त्याला उलटी पट्टी म्हणतात.

निफाडची लेक
सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. उलट्या पट्टीपाशी गप्प झाले. मग म्हणाले, “कडता कुणी सांगितला नाही वाटतं?” कडता म्हणजे?

जुना मापाडी
पोत्याचं वजन, ओल, माती असं म्हणत दर पोत्यामागे वजनातून जे किलो-अर्धा किलो कापतात, तो कडता. तो पट्टीत लिहीत नाहीत. बाबांनी कधीतरी वजनकाट्यापाशी उभं राहून बघितलेला दिसतोय.