भटजी, मुहूर्त, कन्यादान नको. पण लग्न रुक्षही नको

रानजाई
मुहूर्त, भटजी, कन्यादान, देणंघेणं यातलं काहीही न करता लग्न करायचं आहे. घरचे म्हणतात, "सह्या करून आलात, त्यात आनंद कसला?" लग्न कायद्याने पक्कं हवं आणि मांडवात उत्साहही हवा. कसं जमवावं?

नोंदवही
हॉल धरण्याआधी नोटिशीचं गणित करा. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे दोघांपैकी एकजण किमान ३० दिवस राहत असलेल्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. पुढचे ३० दिवस हरकतींसाठी. नोटीस टिकते तीनच महिने. १० जानेवारीला दिली, तर तारीख फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत ठेवा. हॉल सहा महिने आधी मिळाला म्हणून नोटीसही तेव्हाच दिली, की ती बाद होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हरकत फक्त कलम ४ च्या अटींवर घेता येते: वय (मुलगी १८, मुलगा २१), आधीचं लग्न कायम असणं, निषिद्ध नातं, मानसिक असमर्थता. आईवडिलांची संमती ही अट नाही.

कलम १२ बहुतेकांना माहीतच नसतं. लग्न हव्या त्या पद्धतीने लावता येतं, जादा शुल्क भरून विवाह अधिकाऱ्यांना जवळच्या कार्यस्थळीही बोलावता येतं. मात्र ते आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं बोलायलाच हवं. मराठीत चालतं.

ओटाओसरी
मांडवासाठी सत्यशोधक पद्धत बघा. पुण्यात २५ डिसेंबर १८७३ ला असं पहिलं लग्न लागलं. जोतीराव फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू-वर स्वतः एकमेकांशी बोलतात. ती स्त्रियांच्या स्वातंत्र्याचा हक्क मागते, तो तसं वचन देतो. इतकं सुंदर काही हाताशी असताना रुक्षपणाची भीती का बाळगायची?

ही लग्नं फिकी पडतात ती विधी नुसते वगळल्याने. अंतरपाट गेला की मामाला काम उरत नाही, कन्यादान गेलं की आईवडील पाहुण्यांसारखे बसतात. म्हणून माणसं आधी धरा, कामं मग वाटा. वचनं आईवडिलांनी वाचून घ्यावीत, दोन्हीकडच्या. सर्वात नाराज मामाला साक्षीदार करा. अक्षतांऐवजी पाकळ्या आधीच वाटून ठेवा, नाहीतर लग्न लागलं कधी हेच मागच्या रांगांना कळत नाही. हार घातले की लगेच सनई किंवा हलगी. भाषणं दोनच, तीही जेवणाआधी. आणि मंगलाष्टकांची एक तालीम हवीच. पहिल्यांदाच माइकवर वाचताना आवाज हमखास अडकतो.

रानजाई
मामा साक्षीदार म्हणून चालतात? या कायद्याने लग्न केलं की वारसाहक्क बदलतो, असंही ऐकलंय.

नोंदवही
नातेवाईक चालतात, ओळखपत्र आणायला सांगा. वारसाचं म्हणाल, तर दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर १९७६ पासून कलम २१-अ लागू होतं आणि हिंदू वारसा कायदाच कायम राहतो. दोघांपैकी एकजण जरी या चारांबाहेरचा असेल, तर भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. तेव्हा नोटीस देण्याआधी दोन्ही घरांत हे बोलून घ्या.